उन्हाने भाजलेली त्वचा: विदर्भातल्या शेतशिवारात बचाव आणि उपचार

विदर्भात उन्हाळ्याची चर्चा पाऱ्यावरून होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी की अकोला, आज सर्वाधिक तापमान कुठे, हे पारावर रोज बोलले जाते आणि ऊन लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा, घरात कैरीचे पन्हे, ओसरीत पाण्याचा रांजण अशी तयारीही असते. ही तयारी उष्माघाताविरुद्धची आहे आणि ती हवीच. त्वचा मात्र हवेच्या उष्णतेने भाजत नाही. ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी भाजते आणि हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरमही लागत नाहीत. म्हणूनच फेब्रुवारीच्या अखेरीस गार वाऱ्यात हरभरा सोंगणाऱ्याची मान भाजते, जुलैत ढगाळ आभाळाखाली रोवणी करणाऱ्या बाईच्या कमरेचा उघडा पट्टा रात्री चुरचुरतो, आणि दोघांनाही कारण उमगत नाही, कारण त्या दिवशी तपन फारशी नव्हतीच. बचावाची पहिली पायरी म्हणजे पाऱ्याकडे पाहणे सोडून सूर्याच्या उंचीकडे पाहणे.

सावली मोजून वेळ ठरवा

सूर्य जितका डोक्यावर, तितका किरणांचा वातावरणातून येण्याचा मार्ग लहान आणि तितके त्वचा भाजणारे किरण अधिक. हे ओळखण्यासाठी मोबाइल लागत नाही. सपाट जागी उभे राहून आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर धोका कमी, उंचीएवढी झाली की सावध व्हावे आणि उंचीपेक्षा आखूड झाली की उघडी त्वचा झाकलीच पाहिजे.

नागपूरच्या आसपासच्या अक्षांशावर हा हिशेब वर्षभर फार बदलतो. मे महिन्यात सावली सकाळी नऊच्या सुमारास उंचीपेक्षा आखूड होते आणि दुपारी सव्वातीन-साडेतीनपर्यंत तशीच राहते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सरळ रोवलेल्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. गहू-हरभऱ्याच्या सोंगणीच्या दिवसांत, फेब्रुवारीअखेर, धोक्याची वेळ साधारण सव्वादहा ते पावणेतीन असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सोयाबीन सोंगताना, ती साडेनऊ ते अडीच असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भरदुपारीही सावली माणसाएवढीच लांब असते, त्यामुळे त्या दिवसांत कापूस वेचणाऱ्यांना या बाबतीत बरीच सवलत मिळते.

ज्यांच्या मोबाइलवर हवामानाचा अंदाज दिसतो त्यांनी तापमानाबरोबर यूव्ही इंडेक्स हा अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडाही पाहावा. तीन किंवा त्याहून अधिक आकडा असेल तर संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकरा आणि त्यावरचा आकडा तीव्रतम गटात मोडतो, आणि एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी आपल्याकडे तो सहज गाठला जातो. पातळ ढगांवर विसंबू नये, कारण त्यांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. दाट काळे आभाळ असेल तर गोष्ट वेगळी.

वेळ कळली की कामाची फिरवाफिरव करता येते. तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात शिरतात आणि ऊन चढण्याआधी परतून सावलीत पुडे बांधतात, ही पद्धत त्वचेच्या दृष्टीनेही उत्तम आहे. तिथे भाजतो तो फळीवर, म्हणजे पाने गोळा करून वाळवण्याच्या जागेवर, दिवसभर पुडे उलटपालट करणारा मजूर. मेमध्ये धसकटे वेचणे, पऱ्हाटी उपटणे, धुरे साफ करणे ही कामे नऊच्या आत आणि चारनंतर बसवावीत आणि मधल्या वेळेत अवजारांची दुरुस्ती, बियाणे निवडणे अशी छपराखालची कामे घ्यावीत. मजुरी रोजाने असेल तर हे मालकाशी आदल्या दिवशीच बोलून ठरवावे लागते, आणि पहाटे लवकर सुरू करून लवकर सुट्टी देणारा मालक कामातही तोट्यात जात नाही. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी ही उपकाराची बाब नसून मजुरांच्या हक्काची सोय आहे, हेही ग्रामसभेत आठवणीने मांडावे.

कापड हेच खरे औषध

शेतात काम करणाऱ्यासाठी कोणत्याही मलमापेक्षा कापड अधिक भरवशाचे आहे. ते घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. आपल्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निंदायला जातात, तो पोशाख अगदी योग्य आहे. त्यात उणीव राहते ती दोन ठिकाणी. एक तर असा शर्ट बहुधा वापरून विटल्यावरच शेतासाठी निघतो, आणि फवारणीच्या पंपाचा पट्टा, ओझे व धुलाई यांमुळे तो नेमका खांद्यावर विरलेला असतो, जिथे ऊन सर्वात सरळ पडते. शर्ट आभाळाकडे धरून पाहावा. खांद्यावर विणीतून उजेड आरपार दिसत असेल तर तेवढ्यातून किरणही आत येतात. तिथे आतून जुन्या कापडाचे ठिगळ लावले की काम भागते. दुसरे म्हणजे वाकल्यावर शर्ट वर सरकतो आणि कमरेचा पट्टा उघडा पडतो. रोवणी किंवा निंदण करताना पाठ तासन्‌तास आभाळाकडे असते, म्हणून शर्ट लांब असावा किंवा खाली खोचून वरून पदर घट्ट गुंडाळावा.

कापड निवडताना विणीची घट्टता पहिली, रंग दुसरा. गडद रंग अतिनील किरण अधिक शोषून घेतो, पण तो तापतोही. पांढरा रंग गार राहतो, पण पातळ पांढरे सुती कापड किरण बरेच आत सोडते आणि ओले झाल्यावर आणखी सोडते. त्यामुळे पांढरा दुपट्टा पाण्यात भिजवून बांधायचा असेल, आणि उष्णतेसाठी ते चांगलेच आहे, तर तो दुहेरी घडी करून बांधावा. डोके, कान, मानेचा मागचा भाग आणि गाल एवढे सगळे त्यात आले पाहिजे. नुसती टोपी कान आणि मान उघडी टाकते. चारही बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी किंवा टोपीखालून मानेवर सोडलेला रुमाल चालतो.

विसरल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानांची वरची कड, गळ्याजवळचा शर्टाच्या उघड्या गुंडीमागचा त्रिकोण, केस विरळ झालेले टाळू, खालचा ओठ, चपलेच्या पट्ट्यांमधून उघडा राहणारा पायाचा वरचा भाग आणि दुचाकी चालवताना समोर धरलेल्या हातांची पाठ. शेगावहून आषाढीसाठी पायी निघणाऱ्या पालखीसोबत चालणाऱ्यांनी पायांच्या वरच्या भागाचा विशेष विचार करावा. पातळ मोजे घातले तरी पुरे.

सनस्क्रीन घ्यायचे असेल तर

चेहरा आणि हातांची पाठ पूर्ण झाकता येत नाही, तिथे सनस्क्रीनचा उपयोग आहे. एसपीएफ, म्हणजे त्वचा भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, ३० किंवा अधिक आणि वेष्टणावर पीए+++ अशी, आणखी खोल जाणाऱ्या यूव्हीए या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची, खूण असलेले घ्यावे. एसपीएफ ३० नीट लावले तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात आणि ५० चे सुमारे ९८ टक्के अडवते, म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक किती लावले यावर पडतो. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा लागतात. वाटाण्याएवढा ठिपका पसरवला तर वेष्टणावरच्या आकड्याचा थोडा अंशच मिळतो. उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

या हिशेबाने एका वेळी साधारण दीड ग्रॅम जाते. दिवसातून दोनदा लावले तरी ५० ग्रॅमची नळी एका माणसाला सोळा-सतरा दिवसच पुरते. पाच माणसांच्या घराला हा खर्च झेपणारा नाही, म्हणून मी आधी सगळ्यांचे कपडे आणि दुपट्टे नीट करायला सांगेन आणि सनस्क्रीन ज्यांना ते टाळताच येणार नाही त्यांच्यासाठी राखायला सांगेन. अंगावर कोड असलेल्यांचे पांढरे डाग आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेली मुले यांना अगदी थोड्या उन्हातही भाजते. त्यांच्याबाबत काटकसर करू नये. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी उन्हातच नेऊ नये, आणि बांधावर झोळी बांधायची असेल तर सूर्य सरकला की सावलीही सरकते हे लक्षात ठेवून ती झोळी दिवसातून दोन-तीनदा हलवावी.

सावळ्या त्वचेवर भाजल्याचे कसे ओळखावे

आपली कातडी रापलेली, तिला काय होते, हा समज पक्का आहे आणि तो अर्धाच खरा आहे. गडद त्वचेतले रंगद्रव्य काही संरक्षण देते, पण ते अपुरे असते, आणि वर्षभर पुण्या-मुंबईत छताखाली काम करून सुट्टीत गावी आलेल्या तरुणाला ते कमीच मिळते. शिवाय पुस्तकांत लिहिलेला लालसरपणा सावळ्या त्वचेवर चटकन दिसत नाही. त्याऐवजी स्पर्शावर विसंबावे. हाताची पाठ त्या जागेवर ठेवली की ती शेजारच्या झाकलेल्या त्वचेपेक्षा गरम लागते, बोटाने हलके दाबले तरी दुखते, कातडी ताणल्यासारखी वाटते आणि शर्टाची शिवण घासली तरी सहन होत नाही. रंग जांभळट किंवा अधिक काळा होतो.

ही लक्षणे उन्हातून आल्याबरोबर दिसत नाहीत. तीन ते सहा तासांनी ती सुरू होतात आणि बारा ते चोवीस तासांत कळस गाठतात. म्हणून दुपारी बरे वाटले तरी संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मान आणि खांदे तपासावेत, कारण उपाय जितका लवकर तितका त्रास कमी.

भाजल्यावर काय करावे

सर्वप्रथम सावलीत यावे आणि त्या दिवशी पुन्हा उन्हात जाऊ नये. भाजलेल्या भागावर माठातले गार पाणी ओतावे किंवा स्वच्छ सुती कापड भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. कापड गरम झाले की पुन्हा भिजवावे. पहिल्या दिवशी हे दर दोन-तीन तासांनी केले तरी चालते. बर्फ थेट लावू नये, त्याने आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा होते. आंघोळ गार पाण्याने करावी, साबण चोळू नये, खरखरीत पंच्याने पुसू नये. पाणी टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनसुगंधी मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन लोशन पातळ लावावे.

अंगणातली कोरफड वापरायची असेल तर ती जखम लवकर भरते म्हणून नव्हे, गारवा देते म्हणून वापरावी. पान कापल्यावर कडेने पिवळा चीक गळतो, त्याने काहींच्या त्वचेला खाज सुटते. कापलेले पान दहा मिनिटे उभे ठेवून चीक गळू द्यावा, गर धुवावा आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. त्वचा फुटलेली असेल तिथे घरचा गर लावू नये.

वेदनेसाठी प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, सहा तासांचे अंतर ठेवावे आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला चारपेक्षा अधिक घेऊ नये; यकृताचा विकार असेल किंवा दारूची सवय असेल तर आधी विचारावे. आयब्युप्रोफेनने दाह कमी होतो, पण उन्हात दिवसभर पाणी कमी पडलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून शेतमजुराला मी ती आपणहून घ्यायला सांगणार नाही. मुलांना औषध वजनानुसार द्यावे आणि ॲस्पिरिन देऊ नये.

भाजलेली त्वचा शरीरातले पाणी आपल्याकडे ओढते आणि नीट घामही येऊ देत नाही. त्यामुळे पाणी, ताक, पन्हे वाढवावे. लघवी गडद पिवळी किंवा अगदी कमी होत असेल तर ओआरएस घ्यावे: एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात अनेक कुटुंबांत आहे; अशा व्यक्तीत पाणी कमी पडणे हेच दुखण्याचा झटका येण्याचे कारण ठरू शकते, तेव्हा तिच्याबाबत तहान लागण्याची वाट पाहू नये.

जे लावू नये

भाजण्यापेक्षा त्यावर जे लावले जाते त्यानेच अधिक नुकसान झाल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, तूप, तेल, शाई, राख, शेण किंवा माती यांतले काहीही लावू नये. तेल-तूप उष्णता कोंडते आणि शेण-मातीतून धनुर्वातापर्यंत मजल जाऊ शकते. काळवंडलेली त्वचा उजळावी म्हणून लिंबू चोळण्याची सवय तर सर्वात घातक. लिंबाच्या रसातली द्रव्ये त्वचेवर असताना ऊन पडले की तिथे नव्याने भाजते, फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात.

दुसरा धोका किराणा दुकानात आणि काही औषध दुकानांत चिठ्ठीविना मिळणाऱ्या मिश्र मलमांचा. त्यांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. दोन दिवस बरे वाटते, मग त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ आणि केस येतात आणि ऊन पूर्वीपेक्षा अधिक बाधते. नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असे नाव वाचता आले तर ती चेहऱ्याला लावू नये.

फोड आले तर

पाण्याने भरलेला फोड हे त्वचा खोलवर भाजल्याचे लक्षण आहे. तो टाचणीने फोडू नये, कारण वरची कातडी हीच त्या जागेची स्वच्छ पट्टी असते. आपोआप फुटल्यास सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावे, व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा आणि चिकटणार नाही अशी जाळीदार पट्टी सैल बांधून रोज बदलावी. ताज्या, अजून गरम लागणाऱ्या अखंड त्वचेवर मात्र व्हॅसलीन नको. ते तिसऱ्या दिवसानंतर, साल निघू लागल्यावर उपयोगी पडते. सालपटे ओढून काढू नयेत.

चेहऱ्यावर किंवा बऱ्याच मोठ्या भागावर फोड असतील, १०२ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, उलट्या, चक्कर किंवा डोळ्यांत तीव्र वेदना असतील, पू दिसत असेल किंवा रुग्ण वर्षाच्या आतला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा: १०८ वर फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतत वारा घालावा, आणि शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. गावातल्या आशाताईंकडे ओआरएस आणि पॅरासिटामॉल असते, पण अशा रुग्णासाठी तिथे वेळ घालवू नये.

भाजल्यासारखे दिसणारे, पण वेगळे

मान आणि चेहरा दर पावसाळ्यात खाजतो, जाड होतो आणि काळवंडतो, तेव्हा तो दोष बहुधा उन्हाचा नसून गाजरगवताचा असतो. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उन्हाने भाजलेली त्वचा पापण्यांवर, कानांमागे आणि हनुवटीखाली, म्हणजे जिथे सावली पडते तिथे, शाबूत राहते. गाजरगवताची धूळ मात्र तिथेच साचते आणि तिथेच आधी खाज सुटते. बिब्ब्याच्या तेलाने उतलेली जागाही फोडांसारखीच दिसते, पण तिला ओघळाचा किंवा बोटांचा आकार असतो.

काही औषधे घेत असताना नेहमीच्या उन्हातही त्वचा भाजते. स्क्रब टायफस किंवा लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजारांसाठी दिलेले डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, नायट्याच्या उपचारातले ग्रिसिओफल्विन, लघवीच्या संसर्गासाठी दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिन ही त्यांतली नेहमीची नावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना सांगावे आणि तेवढे दिवस अंग अधिक झाकावे. कुष्ठरोगाच्या उपचारातील क्लोफाझिमिनने त्वचा तांबूस-काळी पडते, ते भाजणे नव्हे आणि औषध संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. ज्या चट्ट्यावर स्पर्शच कळत नाही तो भाजलेला समजून घरी बसू नये, कारण असा बधिर चट्टा आरोग्य केंद्रात दाखवणे गरजेचे आहे. आणि अशा जागेला भाजले तरी वेदना होत नाही, म्हणून ती रोज डोळ्यांनी तपासावी लागते.

पुन्हा कामावर जाताना

साल निघून खालची त्वचा उघडी पडली की ती दोन आठवडे तरी फार नाजूक असते. तेवढे दिवस तो भाग कापडाखालीच ठेवावा. या काळात कीटकनाशक फवारणीचे काम घेऊ नये. शाबूत त्वचेपेक्षा सोललेल्या त्वचेतून औषध अधिक शरीरात शिरते, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तो अनुभव फार जुना नाही. घरात दुसरे कोणी नसेल तर फवारणी तेवढे दिवस पुढे ढकलावी, ते अगदीच जमत नसेल तर भाजलेल्या भागावर कोरडे, जाड कापड घेऊन पंपाचा पट्टा त्यावर घासणार नाही अशी सोय करावी.

काळवंडलेला रंग आठवड्यांनी फिकट होतो, त्यासाठी कोणतेही मलम लागत नाही. मात्र खालच्या ओठावर, कानाच्या कडेला किंवा कोडाच्या डागावर एखादी खपली महिनाभरात भरत नसेल, पुन्हापुन्हा रक्त येत असेल किंवा गाठ वाढत असेल, तर नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर किंवा गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवावे आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे व लावलेल्या मलमांच्या नळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.